शेजारची सीट

नवऱ्याने स्वतःची गाडी घेतली तेव्हा त्याला वाटलं होतं, सुटलो बुवा एकदाचे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले, दुसऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता गाडी आपली, मर्जी आपली. दारात ट्रक उभा राहिला की माल आपल्या पायांनी चालत येईल, असाच काहीसा त्याचा समज होता. तसं कुठे होतंय! माल ज्यांच्याकडे येतो त्या ट्रान्सपोर्ट कंपन्या सुट्या गाडीवाल्याला दारात उभं करत नाहीत. त्यांच्याकडे गाडी लावावी लागते. लावायची म्हणजे गाडी आपली, डिझेल आपलं, झिजणारे टायर आणि मोडणारी कंबरही आपलीच. पण दारावर नाव त्यांचं रंगवायचं आणि कुठे कधी जायचं हे त्यांनी सांगायचं.

"म्हणजे घरजावई," ती म्हणाली होती.

"घरजावयाला जेवण तरी आयतं मिळतं," तो म्हणाला होता, आणि दोघं हसली होती.

तर अशी कंपनी शोधणं चाललं होतं. आणि त्या शोधात ती त्याच्याबरोबर हिंडत होती, दीड वर्षाच्या ठमीला कडेवर घेऊन. तो सगळ्यांना सांगायचा, "बायको शिकलेली आहे, कागद वाचून बघते. मला त्यातलं काही कळत नाही." ते खरंच होतं. पण ती बरोबर जायची ती कागदांसाठी नाही. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी कुठल्याच कंपनीला ठाऊक नव्हती, आणि तिने सांगूनही त्याला पटलेली नव्हती.

पहिल्यांदा झालं ते ठमीला भरवताना. तो केळं कुस्करून घास देत होता आणि बायकोला कुठल्याशा क्लीनरची गंमत सांगत होता. बोलता बोलता थांबला. चमचा हवेत. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही. दिवा चालू आणि घर रिकामं, तसे. ठमीला वाटलं, बाबा खेळतोय. ती खिदळायला लागली, चमच्याकडे तोंड पुढे करायला लागली. मग तो परत आला आणि जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागला. मध्ये काही झालंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

मग एकदा दाढी करताना. नळ वाहत होता, हातातला ब्रश गालावरच थांबलेला. तिने दारातून हाक मारली, एकदा, दोनदा. तो वळला तो वैतागून. "ऐकू येतंय मला. ओरडतेस कशाला?"

ती म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला?"

"तू मध्येच नसतोस."

"विचारात होतो, बाई! माणूस विचार करतो कधीकधी." मग तो जरा गंभीर झाला. "हे बघ, डॉक्टरने असलं काही कागदावर लिहिलं की लायसन्स गेलं. मग एवढी मोठी गाडी दारात काय तुळशीसारखी ठेवायची, रोज पाणी घालत? आणि तुझं काय, ठमी शिंकली तरी तुला न्यूमोनिया दिसतो."

इथे तिचं तोंड बंद व्हायचं, कारण तेही खरं होतं. ठमी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, हे ती बघायची. साध्या पुरळासाठी ती डॉक्टरांना इतक्यांदा फोन करून चुकली होती की तिचा आवाज ऐकताच पलीकडची नर्स हसायची. ज्या बाईला सगळीकडेच वाघ दिसतो, तिला खरा वाघ दिसला तर तिने कुणाला सांगायचं? रात्र रात्र ती स्वतःलाच विचारायची, मी बघितलं ते खरंच बघितलं का?

पहिली कंपनी मोठी होती. काचेचं ऑफिस, कुंड्या, आत शिरताच अंगावर येणारा गारवा. टेबलामागच्या मुलाने गाडीचं वर्ष विचारलं, कंप्युटरमध्ये टाकलं आणि मान हलवली.

"गाडी जुनी आहे, सर. सिस्टिम घेत नाही."

"अहो, वय काय बघता? खाली या, इंजिनचा आवाज तर ऐका."

"आवाज कुठल्या रकान्यात भरू?" मुलगा म्हणाला. कुत्सितपणे नाही, खरंच अडचण असल्यासारखा.

नवरा बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. "म्हातारी म्हणाला तुला," तो गाडीला म्हणाला. "मनावर घेऊ नकोस."

दुसरी कंपनी गावाबाहेर, भंगारवाल्यांच्या रांगेपलीकडे होती. मालकाला सगळे पैलवान म्हणायचे. आता पैलवानकी सगळी पोटात उतरली होती, पण आवाज अजून आखाड्यातला होता. त्याने ना गाडीचं वर्ष विचारलं, ना लायसन्स बघितलं. त्याचा एकच प्रश्न होता, "कधी निघतोस?"

"फेऱ्या कुठल्या असतात?" तिने विचारलं.

"लांबच्या, वहिनी. लांबच्याच. माल उतरला की तिथूनच पुढचा भरायचा. रिकामी गाडी मला बघवत नाही."

"आणि झोप?"

"गाडीत पलंगच असतो की!" पैलवान गडगडाटी हसला. "काळजी करू नका. आमच्याकडे नवरा हरवत नाही, फक्त उशिरा मिळतो."

तो हसत होता तेव्हा ती त्याच्या मागे बघत होती. एका ट्रकखाली, सावलीत, एक ड्रायव्हर हात पसरून झोपला होता. एकाने येऊन त्याला बुटाच्या टोकाने हलवलं. तो उठला, कॅनमधलं पाणी तोंडावर मारलं आणि एक शब्द न बोलता केबिनमध्ये चढला. त्याचे डोळे तिला इतक्या लांबूनही लाल दिसले.

नवऱ्यानेही ते बघितलं असावं. परतीच्या वाटेवर तो आपणहून म्हणाला, "इथे नको. हा माणसालाही स्टेपनी समजतो." तिला इतकं हायसं वाटलं की तिने ठमीचा पापा घेतला.

आणि त्याच परतीच्या वाटेवर, गावात शिरताना, सिग्नलला ते झालं.

दिवा लाल होता. तो ठमीला खिडकीतून कुत्रा दाखवत होता. दिवा हिरवा झाला. गाडी हलली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान सरळ, ओठ किंचित हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. मागून हॉर्न सुरू झाले, एक, मग दुसरा, मग सगळेच. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. हाक मारली. दंड लाकडासारखा होता. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या बाया काचेतून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत असेल, किती शहाणा ड्रायव्हर आहे, आमच्यासाठी थांबलाय.

मग त्याने एक लांब श्वास घेतला आणि मागच्या गोंगाटाकडे चमकून बघितलं.

"गाडी बंद पडली होती का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तू..."

"ऊन आलं डोळ्यांवर," तो घाईघाईने म्हणाला आणि गिअर टाकला. घर येईपर्यंत तो बोलला नाही, आणि तीही. दोन ठिकाणांहून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला आणखी किती बोलायचं? आणि ठमी मांडीवर झोपली होती. गप्प बसायला कारणं शोधली की सापडतातच. ती स्वतः मात्र पाय घट्ट रोवून, एक हात डॅशबोर्डवर दाबून, सगळा रस्ता डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. जणू तीच गाडी चालवत होती.

तिसऱ्या कंपनीचा पत्ता त्याला टायरवाल्याकडे मिळाला, आणि तो तिथूनच परस्पर एकटा जाऊन आला. मालकीण बाई होती. अख्खा धंदा तिला मावशी म्हणायचा. मोजक्याच गाड्या, ठरलेल्या जवळच्या फेऱ्या, आणि बहुतेक संध्याकाळी ड्रायव्हर आपल्या घरी. तिच्याकडे जागा सहसा होत नसे. लागलेला माणूस सोडून जातच नसे ना. नुकताच एक ड्रायव्हर म्हातारपणामुळे थांबला होता म्हणून एक जागा झाली होती.

मावशींनी गाडी स्वतः बघितली. पदर खोचून लोखंडी गज घेऊन प्रत्येक टायर ठोकला आणि कान देऊन ऐकला. इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. तो घरी येऊन हे सगळं करून दाखवत होता, लाटणं घेऊन, टेबलाचे पाय ठोकत. ठमी टाळ्या पिटत होती.

"आणि म्हणाल्या काय, 'गाडीला जपलंयस रे.' एवढंच! त्या काचवाल्याला ऐकवायला हवं होतं." मग तो टेबलावर बसला. "आता परवा घरी येणार आहेत."

"घरी? घरी कशाला?"

"त्यांची रीत आहे ती. गाडी लावायच्या आधी घर बघतात. घरच्या बाईशी एकटीशी बोलतात. आई असेल तर आईशी, बायको असेल तर बायकोशी. टायरवाला म्हणत होता, सोयरीक जुळवायला आल्यासारख्या येतात." तो हसला. "पितो का, मारतो का, हेच विचारत असतील. मला कशाची भीती? तू फक्त खरं सांग."

तिने मान हलवली.

ते दोन दिवस तो वेगळाच माणूस होता. बिजागरी कुरकुरत होती ती तेल घालून गप्प केली. ठमीने भिंतीवर काढलेल्या रेघोट्या पुसून काढल्या, मग म्हणाला, एक राहू दे, घरात मूल आहे हे दिसायला हवं. गाडीच्या दाराला पॉलिश मारताना शीळ घालत होता. ती खिडकीतून बघत होती. लग्न झालं तेव्हा तो असा शीळ घालायचा; मध्ये कधी थांबला, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिने मनाशी पक्कं केलं. मावशी काय वाटेल ते विचारोत, आपण चांगलंच बोलायचं. जवळच्या फेऱ्या आहेत. रोज घरी येईल, पुरेशी झोप होईल, आणि मग हळूहळू, गोडीगुलाबीने, त्याला डॉक्टरकडे नेऊ. आधी काम लागू दे. इतकं सरळ होतं ते.

मावशी आल्या त्या पायांत कॅनव्हासचे बूट घालून. ठेंगणी, जाड भिंगांची बाई. आल्या आल्या ठमीला म्हणाल्या, "काय गं बये, दात किती तुला?" ठमीने तोंड उघडून सगळे दाखवले. मावशींनी गंभीरपणे आत बघितलं, जणू तेही गाडीचेच भाग. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिला खाली घेऊन जा रे. गाडीत बसव, हॉर्न वाजवू दे. मला जरा सुनबाईंशी बोलायचंय."

तो ठमीला खांद्यावर टाकून गेला, आणि जाताना दारातून तिच्याकडे बघून डोळा मारला.

खालून हॉर्न वाजला. पों. आणि ठमीचं खिदळणं. पुन्हा पों.

मावशींनी चहाचा कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. "मी फार काही विचारत नाही. पितो का, ओरडतो का, हे विचारून उपयोग नसतो. बायका नवऱ्यावर पांघरूण घालतात. घालावंच लागतं. मी एकच विचारते. लांबचा रस्ता आहे. तो चालवतोय. तू शेजारच्या सीटवर, मांडीवर ही तुझी बया. तुला झोप लागते?"

तिने सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. या प्रश्नाची नव्हती.

पों, खालून. पों.

"लागते की," ती म्हणणारच होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हॉर्न थांबलाय. ठमीचा आवाजही नाही. ती थांबली. अजून आवाज नाही. ती उठली कधी आणि खिडकीशी गेली कधी, तिचं तिलाच कळलं नाही. खाली केबिनचं दार उघडं होतं. तो वाकून ठमीच्या बुटाचा बंद बांधत होता. बांधून झाला, त्याने तिला उचलून स्टिअरिंगपाशी धरलं, आणि पुन्हा हॉर्न वाजला.

तिने श्वास सोडला आणि वळली. मावशी तिच्याकडे बघत होत्या. कप त्यांनी खाली ठेवला होता.

"काय बघत होतीस, पोरी?"

आणि मग तिला आवरलंच नाही. चमचा, दाढीचा ब्रश, सिग्नल, लाकडासारखा दंड, 'गाडी बंद पडली होती का', सगळं बाहेर आलं. कुणीतरी पहिल्यांदाच ऐकत होतं आणि हसत नव्हतं. बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की क्षणभर तिला हेही विसरायला झालं, की आपण काय बोलून बसलो.

"पूर्वी लागायची झोप," ती शेवटी म्हणाली. "गाढ लागायची. इंजिनच्या आवाजाने."

मावशींनी चष्मा काढून पदराला पुसला. चष्म्याशिवाय त्या खूप म्हाताऱ्या दिसल्या.

"माझ्या गाड्या शाळा सुटायच्या वेळेला गावातून जातात," त्या म्हणाल्या. "नाही घेता येणार मला."

"मावशी, औषध असेल याच्यावर. बरा होईल तो. तुम्ही त्याला सांगा ना. तुमचं ऐकेल."

"ऐकेल. पण बायकोने आपली गोष्ट परक्या बाईला सांगितली, हेही त्यात ऐकेल."

ती हळूच म्हणाली, "मग माझं नाव नका घेऊ."

"नाही घेत. पण तू सांग. आजच सांग." मावशी उठल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "औषधपाणी होऊ दे, डॉक्टर हो म्हणू देत, मग मला येऊन भेटा. तेव्हा जागा असेल नसेल, ते मात्र माझ्या हातात नाही."

खाली मावशी त्याच्याशी काय बोलल्या ते तिला ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. तो हसत पुढे झाला. मग हसू चेहऱ्यावरच राहिलं, काढायला विसरल्यासारखं.

वर आला तो ठमीला तिच्या हातात देत म्हणाला, "जागा नाही म्हणाल्या. परवापर्यंत होती. टायर ठोकत होत्या तेव्हा होती." तो मावशींच्या न प्यायलेल्या चहाकडे बघत राहिला. "तुला काय विचारलं?"

आता. आत्ताच. ठमी कडेवर, दार बंद, तिसरं कुणी नाही.

"तुझ्याबरोबर गाडीत झोप लागते का, असं विचारलं."

"हे काय विचारणं झालं? मग? तू काय म्हणालीस?"

"लागते म्हटलं," ती म्हणाली.

परक्या बाईपुढे तिला खोटं बोलता आलं नव्हतं. नवऱ्यापुढे आलं, अगदी सहज, वाटीत पाणी ओतावं तसं.

तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिला. "मग माझंच काहीतरी दिसलं असेल त्यांना," तो म्हणाला. "तोंडच तसं आहे माझं." संध्याकाळभर तो हेच उगाळत होता. गज ठोकताना आपण जास्त बडबड केली का? शर्ट चुरगळलेला होता का? गाडी खरंच म्हातारी झाली का? प्रत्येक प्रश्नाला ती 'नाही रे' म्हणत होती, आणि प्रत्येक 'नाही रे' सोबत सांगायची गोष्ट आणखी अवघड होत होती. मग तो फोन घेऊन गॅलरीत गेला. परत आला तेव्हा आवाज कोरडा होता.

"पैलवानाला हो म्हटलं. सकाळी निघतो. दारोदार हिंडण्यापेक्षा बरं."

तिने तोंडावर हात ठेवला. खरं बोलून तिने त्याला चांगल्या दारातून उठवलं होतं, आणि गप्प बसून वाईट दारात नेऊन उभं केलं होतं. त्या मालकाच्या दारात, जो काहीच विचारत नाही.

सकाळी त्याने पिशवी भरली. चादर, टॉवेल, थर्मास. झोपलेल्या ठमीच्या कपाळाला ओठ लावले. तो खाली उतरला, इंजिन सुरू केलं, ब्रेकच्या हवेचा काटा वर चढायची वाट बघत बसला. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. आधी ठमी, चादरीत गुंडाळलेली, अर्धवट जागी, आत सीटवर आली. मग ती स्वतः चढली आणि दार ओढून घेतलं.

"कोपऱ्यापर्यंत येतेस होय?" तो म्हणाला. त्याला बरं वाटलं असावं.

"तू जाशील तिथपर्यंत येते."

"खुळी झालीस का? ठमीला घेऊन? सहलीला चाललोय मी?"

"मग तू उतर."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. ती समोर काचेकडे बघत बोलली, कारण त्याच्याकडे बघून तिला जमलं नसतं. "मावशींना मी 'लागते' म्हटलं नाही. 'नाही लागत' म्हटलं. सगळं सांगितलं मी त्यांना. जागा होती. माझ्यामुळे गेली."

इंजिन घरघरत होतं. केबिनमधलं सगळं थरथरत होतं, आरसा, चाव्या, ठमीचे केस.

"तू त्यांना सांगितलंस," तो म्हणाला.

"तुलाही सांगितलं होतं. कितीदा."

"मला सांगितलं नाहीस. माझ्याशी भांडलीस." मग वेगळ्याच आवाजात, "सिग्नलला गाडी बंद पडली नव्हती?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"गाडी चालूच होती रे. तू नव्हतास."

तो हाताच्या तळव्याने स्टिअरिंग पुसत राहिला, त्यावर काही लागलं नव्हतं तरी. "मागे एकदा," तो म्हणाला, "मोठा पूल. कधी गेला कळलंच नाही. पुलाच्या अलीकडे होतो आणि मग एकदम पलीकडच्या पंपापाशी. मला वाटलं, रोजचा रस्ता. रोजच्या रस्त्यावर होतं असं. माझ्या मागे शाळेची बस होती. पोरांनी भरलेली. पुलाच्या अलीकडे आरशात हात हलवताना दिसत होती पोरं. पंपापाशी बघतो तर बस माझ्या पुढे. मधलं काही आठवत नाही."

त्याने हात पुढे केला आणि चावी फिरवली.

एवढं मोठं इंजिन थांबलं की जी शांतता होते, ती झाली. ठमी त्या शांततेनेच दचकली आणि रडू लागली. तो त्याच्या बाजूने उतरला, समोरून वळसा घालून आला, दार उघडलं आणि ठमीला तिच्याकडून घेतलं. तिला हात दिला नाही. ठमीला छातीशी धरून तो घराच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. ती पाठमोरी, दांडा धरून, पायाने पायरी चाचपत एकटी उतरली.

त्याचा फोन वाजला. पैलवानाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "काय रे, निघालास का?"

"गाडी येत नाही," तो म्हणाला.

"येत नाही? माल उभा आहे माझा! काय झालं गाडीला?"

"गाडीला काही नाही झालं. गाडी ठणठणीत आहे."

"मग?"

तो बोलला नाही. फोन कानाशी, नजर समोरच्या भिंतीवर, ठमी त्याच्या कडेवर. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. त्याचे ओठ जरासे हलले आणि थांबले. ती दोन पावलं पुढे सरकली, ठमीच्या खाली हात धरायला, त्याची पकड सुटलीच तर. इतक्या जवळूनही तिला कळेना, हा तो आहे की नाही.

मग त्याचा खालचा ओठ थरथरला आणि ठमीच्या चादरीत त्याने तोंड लपवलं. खांदे हलायला लागले. तो इथेच होता. सगळाच्या सगळा इथे होता, आणि त्याला सगळं कळत होतं.